पडदा उचलणं सोपं, वायर ओढणं अवघड

दोन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच काचेवरचा रोलर पडदा खालच्या पट्टीसकट साडेतीन किलोच्या आसपास भरतो. त्याच्या नळीतच बसवलेली ५० वॉटची मोटर तो अर्ध्या मिनिटात वर गुंडाळते. ऊर्जा लागली १,५०० जूल. आता ही काच पश्चिमेची आहे असं धरा. एप्रिलमध्ये दुपारी चारच्या सुमारास तिच्यातून दर चौरस मीटरला ५०० वॉटच्या घरात उष्णता आत येते, म्हणजे पूर्ण काचेतून सेकंदाला ३,००० जूल. पडदा उचलायला जेवढी ऊर्जा लागली, तेवढी ऊन अर्ध्या सेकंदात खोलीत ओततं. ती बाहेर काढायला जवळजवळ एक टनाचा एसी त्या एका खिडकीपायी राबतो.

पडदा सगळी उष्णता अडवतो असं मात्र नाही. आतल्या बाजूचा पडदा स्वतः तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते, कारण उजेडाला वाट देणारी काच तापलेल्या वस्तूच्या अवरक्त किरणांना वाट देत नाही. म्हणून काचेकडची बाजू उजळ असलेला पडदा बरा. तो उन्हाला उजेडाच्या रूपातच परतवून लावतो. काचेबाहेरचा पडदा याहून कितीतरी सरस, पण आपल्याकडच्या पावसाळी वाऱ्यात तो टिकवणं कठीण. युरोपात अशा पडद्यांना वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र जोडतात. वारा चढला की पडदे आपोआप वर जातात.

उचलायला इतकी कमी ऊर्जा लागते, मग अडतं कुठे? ती ऊर्जा खिडकीपर्यंत पोचवण्यात.

२४ व्होल्टच्या डीसी मोटरी सुरक्षित आणि आवाजाला कमी, म्हणून ऑफिसांत त्यांना पसंती असते. पण ५० वॉटसाठी २४ व्होल्टवर दोन अँपियर लागतात. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे १२ मिलिओहम. मोटर वीज देणाऱ्या पॅनेलपासून ३० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर वायर झाली, आणि वाटेत दीड व्होल्ट गळाले. एका मोटरला हे चालतं. त्याच वायरच्या टोकाला ओळीने दहा मोटरी टाकल्या तर हिशेबाने १४ व्होल्ट वाटेतच जातात आणि वायर तापते ती वेगळीच. डीसी मोटरचा वेग व्होल्टेजवर ठरतो, त्यामुळे जवळचे पडदे भरभर चढतात, लांबचे रेंगाळतात, आणि भिंतभर पडद्यांच्या खालच्या कडांची रेष वेडीवाकडी होते. मग प्रत्येक मोटरला पॅनेलपासून स्वतंत्र वायर ओढायची, किंवा मोटरीत फेरे मोजून वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक्स घालायचं. मोठ्या कामांत दोन्ही करतात.

२३० व्होल्टवर वायरमधली ही गळती नगण्य होते, पण तिथे दुसरा सापळा आहे. या मोटरीला चार वायर: वर, खाली, न्यूट्रल आणि अर्थिंग. आत दोन वाइंडिंग आणि त्यांच्यामध्ये कपॅसिटर. ‘वर’च्या वायरला वीज दिली की कपॅसिटरमार्गे ‘खाली’च्या वायरवरही व्होल्टेज उमटतं. मोटर एकटी असेल तर त्याने काही बिघडत नाही. पण वायर वाचवण्यासाठी दोन मोटरी एकाच स्विचवर जोडल्या आणि एक आधी टोकाला पोचून तिला तिथे थांबवणारा लिमिट स्विच सुटला, की दुसरीकडून आलेलं व्होल्टेज तिला खाली ढकलतं. जराशी खाली आली की लिमिट स्विच पुन्हा जुळतो आणि ती पुन्हा वर जाते. पडदा टोकाशी थरथरत राहतो आणि लिमिट स्विचचे काँटॅक्ट खराब होतात. प्रत्येक मोटरला वेगळा रिले दिला की प्रश्न मिटतो, आणि रिले काही महाग नसतो. याच जातीची मोटर सलग चार-पाच मिनिटं चालवली तर तापून आपोआप थांबते, थंड झाली की चालते. नवा पडदा कौतुकाने वर-खाली करून पाहणाऱ्याला ती जळाली असं वाटतं, तो हा प्रकार.

बॅटरीची मोटर घरात छान. हजार खिडक्यांच्या इमारतीत वर्षातून दोनदा चार्जिंग म्हटलं, तर कामाच्या प्रत्येक दिवशी आठ खिडक्यांना शिडी लावावी लागेल. आता संगणकाच्या नेटवर्कची केबलच वीजही नेते. २०१८ च्या मानकानुसार एका केबलमधून ९० वॉटपर्यंत वीज देता येते आणि आज्ञाही तिच्यातूनच जातात. मात्र आज्ञेची वाट पाहत जागं राहणारं इलेक्ट्रॉनिक्स अर्धा वॉट जरी घेत असेल, तरी दिवसाचे ४३,२०० जूल होतात. दिवसातून दोनदा वर-खाली करायला ६,०००सुद्धा लागत नाहीत. मोटर विकत घेताना स्टँडबायचा आकडा विचारायला हवा, आणि तो सहसा कुणी विचारत नाही.

हे सगळं कशाला, दोरी ओढायला हात आहेत की! पण माणूस दोरी ओढतो ती डोळ्यावर ऊन आल्यावर, आणि ऊन सरल्यावर पडदा तसाच राहतो. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने १९७८ मध्ये ऑफिसांच्या पडद्यांची पाहणी केली, तेव्हाही लोक रोजच्या उन्हाप्रमाणे नव्हे, तर सवयीने पडदे ठेवतात असंच दिसलं. मग भर दिवसा खाली पडदा आणि वर दिवे.

न्यूयॉर्क टाइम्सने मॅनहॅटनमधली आपली ५२ मजली इमारत २००७ मध्ये उघडली. वास्तुरचनाकार रेन्झो पियानोला काच पारदर्शक हवी होती, काळी नव्हे. ऊन अडवायचं काम मग पडद्यांवर आलं, म्हणून वृत्तपत्राने आधी क्वीन्समधल्या आपल्या छापखान्याच्या आवारात सुमारे ४०० चौरस मीटरचं नमुना ऑफिस बांधलं आणि लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने तिथे स्वयंचलित पडदे आणि मंद होणारे दिवे महिनोन् महिने तपासले. २०१३ मध्ये याच प्रयोगशाळेने राहत्या इमारतीचं मोजमाप मांडलं: नियमांपुरत्या बांधलेल्या इमारतीपेक्षा विजेचा वापर २४ टक्के कमी. त्यात दिवे आणि वातानुकूलनाचाही वाटा आहे, सगळं श्रेय पडद्यांचं नाही.

सूर्य कुठे आहे हे सांगायला सेन्सर लागत नाही. तारीख, वेळ, अक्षांश आणि रेखांश पुरतात. सेन्सर लागतो ढगांसाठी. ढग आला-गेला म्हणून पडदे नाचू लागले तर लोक वैतागतात, म्हणून खाली यायला घाई आणि वर जायला उशीर असा नियम ठेवतात. परदेशी सेटिंग मात्र इथे जशीच्या तशी चालत नाही. न्यूयॉर्कमध्ये सूर्य क्षितिजापासून ७३ अंशांच्या वर कधीच जात नाही. मुंबईत तो मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस थेट डोक्यावर येतो, ते आपले शून्य सावलीचे दिवस. मधल्या काळात दुपारी तो उत्तरेकडे असतो. इथे दक्षिणेची खिडकी हिवाळ्यात तापते, उन्हाळ्यात त्रास पूर्व-पश्चिमेचा. आणि यंत्रणा कितीही हुशार असली तरी खिडकीपाशी बसणाऱ्याच्या हाताशी बटण हवंच. ते नसलं की लोक काचेवर कागद चिकटवतात.

घराचं काम चालू असेल तर पडद्यांचा निर्णय झालेला नसला तरी पीओपी होण्याआधी प्रत्येक खिडकीच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पाइप टाकून त्यात स्वतंत्र वायर ओढून घ्या. मोटर पुढे कधीही बसवता येते.