लेखापरीक्षकाचा राजीनामा : तरतुदी व कारणांचा प्रश्न

वाणिज्य शाखेत लेखापरीक्षकाची नेमणूक सविस्तर शिकविली जाते. त्याचा राजीनामा मात्र एका ओळीत आटोपला जातो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १४० नुसार लेखापरीक्षकास मुदतीपूर्वी दूर करावयाचे असल्यास कंपनीस केंद्र सरकारची पूर्वपरवानगी व विशेष ठराव आवश्यक असतो. स्वतःहून राजीनामा देणाऱ्यास अशी परवानगी लागत नाही. मात्र ३० दिवसांच्या आत एडीटी-३ या नमुन्यात कंपनी व निबंधकाकडे कारणांसह निवेदन सादर करावे लागते. खरी मेख या कारणांतच आहे. 'कामाचा व्याप' एवढे लिहिले की रकाना भरतो, भागधारकास मात्र काहीच उमगत नाही.

२०१८ साली वडोदऱ्याच्या मनपसंद बेव्हरेजेस या कंपनीच्या लेखापरीक्षकांनी वार्षिक निकालाच्या तोंडावर राजीनामा दिला. पुढे १८ ऑक्टोबर २०१९ रोजी सेबीने सूचिबद्ध कंपन्यांसाठी परिपत्रक काढले. तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत राजीनामा दिल्यास त्या तिमाहीचा, त्यानंतर दिल्यास पुढील तिमाहीचाही अहवाल देणे आवश्यक झाले. पहिल्या तीन तिमाहींचे अहवाल दिले असतील तर वार्षिक अहवालही टाळता येत नाही. कंपनी माहितीच देत नसेल तर? तरीही अहवाल द्यावयाचा, मात्र मत देण्यास असमर्थता त्यात नोंदवावयाची. माझ्या मते 'कामाचा व्याप' या शब्दांपेक्षा ही नोंद भागधारकास कितीतरी अधिक सांगते.

नव्या लेखापरीक्षकावरही बंधन आहे. पूर्वीच्या लेखापरीक्षकास आधी लेखी न कळविता काम स्वीकारणे हे सनदी लेखापाल कायदा, १९४९ नुसार व्यावसायिक गैरवर्तन ठरते.