दोन्ही चाकं एकदम

टायर बदलायला घरी चाक काढणारा माणूस बुऱ्हाणपुरात विरळाच. गाडी पंक्चरवाल्यापुढं लावायची आणि चहाला जायचं, ही इथली रीत. पण आमच्या स्प्लेंडरचे दोन्ही टायर गुळगुळीत झाले होते, मशीनवर टायर चढवणारं दुकान लांब होतं आणि शेजारच्या काकांचे हात शिवशिवत होते. काकांचं अख्खं आयुष्य पॉवरलूमच्या मिस्त्रीकामात गेलेलं. सुटी चाकं रिक्षात घालून न्यायची, असं ठरलं.

मी पाना उचलला तसं काकांनी थांबवलं. "चाक काय, पाच मिनिटांत निघतं. गाडी कशावर उभी राहणार ते आधी ठरव."

आमचं अंगण काळ्या मातीचं. त्यात मेन स्टँड रुततो, म्हणून गाडी ओसरीच्या फरशीवर घेतली. ती साइड स्टँडवर, दोन्ही टायर जमिनीला टेकलेले असतानाच काकांनी दोन्ही एक्सलचे नट फक्त सैल केले. घट्ट बसलेल्या नटाला सगळा जोर लागतो तो पहिल्या हिसक्याला, आणि तो हिसका मेन स्टँडवरच्या गाडीला दिला तर ती स्टँडवरून उतरते. नट सैल झाल्यावर रुंद फळीवर मेन स्टँड लावला. फळीमुळं मिळालेली थोडी उंची पुढं मडगार्डखालून चाक काढताना कामी आली.

मग नायलॉनचा पट्टा. गाडी पुढं ढकलली की मेन स्टँड मागं मिटतो, तसा तो बनलेलाच असतो. म्हणून स्टँडचा पाय पुढं ओढून फ्रेमच्या पुढच्या नळीला बांधला. सगळ्या कामात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती ही गाठ, आणि नेमकी तीच कुणी मारत नाही. कित्येक जण तर गाडी सरळ आडवी पाडतात. पेट्रोल गळतं, बॅटरीचं पाणी सांडतं, आरसा फुटतो.

आधी मागचं चाक. मेन स्टँडवर गाडीचा भार पुढच्या चाकाकडं असतो आणि मागचं निघालं की तो आणखी पुढं जातो, म्हणजे गाडी अजून पक्की बसते. ब्रेक रॉडचा नट सोडला, टॉर्क रॉड सोडला, एक्सल उपसला, बुश हातात घेतला. स्प्लेंडरला चेनच्या बाजूला मोठा स्लीव्ह नट असतो. त्याला हात लावायचा नाही. एक्सल निघाला तरी तो स्प्रॉकेटला चेनसकट जागेवर धरून ठेवतो आणि चाक हब रबरातून उजवीकडं सरकून मोकळं होतं. ही सोय ज्यानं केली त्याला नमस्कार. टायरमधली हवा आधीच सोडली होती, त्यामुळं ते अडकलं नाही.

पुढच्या चाकाआधी इंजिनखाली लाकडी ठोकळा सारला. सायलेन्सरचा पाइप आणि ऑइल काढायचा नट चुकवून, फ्रेमच्या नळ्यांवर भार येईल असा. हँडल दोरीनं सरळ बांधलं. मीटरची केबल आणि ब्रेकची केबल सोडली, एक्सल ओढला. आता गाडी स्टँड आणि ठोकळ्यावर. काकांनी घरातल्या पोरांना ओसरीवरून हाकललं, ते बरंच केलं. डिस्क ब्रेकची गाडी असेल तर चाक बाहेर असेपर्यंत ब्रेक दाबू नये. पॅडमध्ये पुठ्ठा सारून ठेवावा.

दुकानात दोनच गोष्टी बघायच्या होत्या. बाजूवर छापलेला बाण चाक फिरण्याच्या दिशेनं बसला का, आणि तारखेचे शेवटचे चार अंक. 3224 म्हणजे 2024 सालचा बत्तिसावा आठवडा. बुऱ्हाणपूरच्या उन्हाळ्यात गोदामात पडून राहिलेलं रबर स्वस्त मिळालं तरी नको.

चाकं बसवताना क्रम उलटा: आधी पुढचं, मग मागचं. पुढच्या ब्रेकच्या ड्रमप्लेटवर खाच असते. ती फोर्कवरच्या उंचवट्यात बसलीच पाहिजे. नाही बसली तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जाम होतं. काकांनी तिथं बॅटरी धरून पाहिलं, मग मला पाहायला लावलं. एक्सल हातानं ढकलून जायला हवा. हातोडी लागत असेल तर काहीतरी तिरकं बसलंय. शेवटचा कस दोन्ही टायर जमिनीवर आल्यावर द्यायचा, जुनी कॉटर पिन फेकून नवी घालायची. चेनची ढील साधारण अडीच-तीन सेंटीमीटर. मग दोन्ही ब्रेक मारून पाहायचे आणि गल्लीत हळू एक चक्कर.

नव्या टायरचा वरचा थर निसरडा असतो. पहिले शे-दीडशे किलोमीटर गाडी बेतानं चालवा, गाडी फार झुकवू नका आणि असीरगडच्या वळणांवर जायची घाई करू नका.