काचेपलीकडचे पाणी – भाग ७ : ‘एक सकर टाका, सगळं साफ होईल’

टँक लावून तीन-चार आठवडे झाले की काचेवर शेवाळाचा तपकिरी थर धरू लागतो. मग दुकानदार, शेजारी, मावसभाऊ सगळ्यांचा सल्ला एकच : एक सकर टाका. पिशवीतला दोन इंची सकर दिसतोही गोजिरा. काचेला तोंड लावून बसला की मुले खूश.

हा मासा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. पूर्ण वाढला की फुटापलीकडे जातो. आपल्याकडचा नेहमीचा दोन फुटी टँक, म्हणजे २४ बाय १२ बाय १२ इंचांचा, काठोकाठ भरला तरी त्यात जेमतेम ५६ लिटर पाणी मावते. तिथे त्याने वळायचे कुठे? शिवाय मोठा होईल तसे त्याचे शेवाळावरचे मन उडते, तळाशी पडलेले खाद्य गोड लागू लागते. विष्ठा तर इतकी करतो की पाण्यातले नायट्रेट वाढते आणि शेवाळाला आयते खत मिळते. साफसफाईला ठेवलेल्या गड्यानेच अंगणात कचरा ओतावा, तसा हा प्रकार.

दुसरी फसगत नावातून होते. ‘अल्गी ईटर’ म्हणून सोनेरी रंगाचा जो मासा विकला जातो, तो बहुधा चायनीज अल्गी ईटर असतो. त्याच्या कल्ल्यांना पाणी आत घ्यायला वेगळे छिद्र असते; त्यामुळे तोंड दगडाला चिकटलेले ठेवूनही तो श्वास घेऊ शकतो. निसर्गाची ही करामत वाहत्या ओढ्यात कामाची. टँकमध्ये मात्र वीतभर झालेला हा मासा एंजल माशाच्या चपट्या अंगाला चिकटून त्यावरचा बुळबुळीत थर ओरबाडतो. शांत माशांच्या टँकला तो नकोच.

सयामीज अल्गी ईटर निराळा. पानांच्या कडांना चिकटलेले काळे, दाढीसारखे शेवाळ खाणारे मासे फार थोडे. त्यांतला हा एक. घेताना काळा पट्टा नीट पाहा. तो शेपटीच्या परापर्यंत गेला असेल आणि वर सोनेरी रेघ नसेल तर सयामीज. पट्ट्याच्या वर फिकट सोनेरी रेघ असेल तर तो भांडकुदळ फ्लाइंग फॉक्स. सयामीजही पाच-सहा इंच वाढतो, म्हणून टँक तीन फुटी तरी हवा.

दोन फुटी टँकसाठी ओटोसिंक्लस उत्तम. जेमतेम दीड-दोन इंचांचा, कोणाच्या अध्यातमध्यात नाही. एकटा मात्र झुरतो, पाच-सहा एकत्र हवेत. टँक काही महिने मुरलेला असावा. नव्या टँकमध्ये तो उपाशी मरतो. दुकानात पोट खपाटीला गेलेले ओटो घेऊ नका. शेवाळ संपले की उकडलेली काकडी द्यावी.

आणि काचेवर ऊन येत असेल, दिवा दहा-बारा तास जळत असेल, तर कुठलाच मासा पुरा पडणार नाही. आधी खिडकीला पडदा, दिव्याला टायमर, खाद्याला लगाम.

आता ज्यांच्याकडे हातभर सकर आधीच आहे, त्यांच्यासाठी. तो दुकानदाराला परत द्या, नाहीतर मोठा टँक असलेल्याला. तळ्यात किंवा नदीत मात्र सोडू नका. उजनीच्या जलाशयात आणि पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत सकर आज मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. त्याला गिऱ्हाईक नाही, आणि काटेरी परांनी जाळे फाटते ते वेगळेच.