लष्करी रुग्णालयातील हलगर्जीपणा : जवानाने दाद कुठे मागायची?

महू इंदूरपासून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत कोणी ना कोणी फौजेत आहे किंवा होता. मागच्या महिन्यात एका सभासदांनी मला विचारले, "मिलिटरी हॉस्पिटलमध्ये उपचारात चूक झाली, तर जवानाला काही करता येते का? की फुकट उपचार म्हणून गप्प बसायचे?" मी वकील नव्हे, आयुष्य बँकेत गेले. पण कागद वाचायची सवय असल्याने निकाल आणि नियम काढून वाचले. जे समजले ते इथे मांडतो.

सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०२३ रोजी दिलेला एक निकाल या विषयात सगळ्यात महत्त्वाचा आहे. वायुसेनेतील एक कॉर्पोरल २००२ साली ऑपरेशन पराक्रमच्या काळात सीमेवर ड्यूटीवर होता. तिथे आजारी पडल्यामुळे त्याला जम्मूजवळ सांबा येथील १७१ मिलिटरी हॉस्पिटलमध्ये दाखल केले. जुलै महिन्यात त्याला एक युनिट रक्त चढवले. बरा होऊन तो कामावर परतला. बारा वर्षांनी, २०१४ मध्ये, तो पुन्हा आजारी पडला आणि तपासणीत एचआयव्हीची लागण निघाली. पुढे वायुसेनेच्याच मेडिकल बोर्डांनी लिहून दिले की ही लागण २००२ साली चढवलेल्या त्या रक्तामुळे झाली. २०१६ मध्ये त्याला सेवेतून निवृत्त करण्यात आले.

तो राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे गेला. तज्ज्ञ डॉक्टरचे मत पुराव्यात नाही, निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, असे म्हणून आयोगाने तक्रार फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र तो निर्णय फिरवला. न्यायमूर्ती रवींद्र भट आणि दीपंकर दत्ता यांच्या खंडपीठाचे म्हणणे साध्या भाषेत असे : अशा प्रकरणात घडलेली गोष्ट स्वतःच बोलते. रक्त कुठून आले, कोणी तपासले, त्याची नोंद कुठे आहे, हे रुग्णाला कसे ठाऊक असणार? ते रुग्णालयाला ठाऊक असते, तेव्हा काळजी घेतली होती हे रुग्णालयानेच दाखवायचे. ते दाखवता आले नाही.

भरपाई ठरली १ कोटी ५४ लाख ७३ हजार रुपये. त्यात बुडालेल्या कमाईचे ८६ लाख ७३ हजार, मानसिक यातनेचे ५० लाख आणि पुढच्या देखभालीचे १८ लाख होते. खटल्याच्या खर्चाचे ५ लाख वेगळे. कोण्या एका डॉक्टरवर बोट ठेवता येत नव्हते, म्हणून वायुसेना आणि लष्कर यांना संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार धरले. कर्जाला जामीन राहिलेल्या मंडळींना हे शब्द चांगले ठाऊक असतील! म्हणजे पूर्ण रक्कम कोणाकडूनही वसूल करता येते. आपसातला हिशेब त्यांनी नंतर करावा.

आता "फुकट उपचार" हा मुद्दा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाप्रमाणे, जिथे येणाऱ्या प्रत्येकावर मोफत उपचार होतात ते सरकारी रुग्णालय ग्राहक कायद्याच्या बाहेर राहते. पण नोकरीच्या अटींचा भाग म्हणून मालक कर्मचाऱ्यावर उपचार करतो, त्याचा खर्च सोसतो, तेव्हा ती सेवा मोफत धरली जात नाही. २००७ मध्ये रेल्वे रुग्णालयाच्या प्रकरणातही न्यायालयाने हेच सांगितले. जवानाचे उपचार हे त्याच्या नोकरीच्या मोबदल्यातलेच आहेत. त्यामुळे खिशातून पैसे गेले नाहीत म्हणून हक्क गेला, असे होत नाही. अमेरिकेत उलटा प्रकार आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५० च्या निर्णयामुळे सेवेतील सैनिकाला अशा कारणासाठी सरकारवर खटलाच भरता येत नसे. डिसेंबर २०१९ मध्ये कायदा बदलला, तरी दावा संरक्षण खात्याकडेच करायचा असतो. आपल्याकडे वाट मोकळी आहे, हे पुष्कळांना माहीतच नसते.

मात्र इथे वाटा दोन आहेत आणि त्यांची गल्लत झाली की वर्षे वाया जातात. हलगर्जीपणाची नुकसानभरपाई ग्राहक आयोगाकडे (किंवा दिवाणी न्यायालयात) मागायची. डिसॅबिलिटी पेन्शनसाठी सशस्त्र सेना न्यायाधिकरण. पेन्शन मिळाली म्हणून भरपाईचा दावा बुडत नाही. पेन्शनसाठी कोणाची चूक दाखवावी लागत नाही, आजार सेवेमुळे झाला किंवा वाढला एवढे पुरते. त्या कॉर्पोरलला दोन्ही हवे होते, आणि ते योग्यच होते.

ग्राहक आयोगाकडे जायला मुदत २ वर्षांची. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नये. २०१९ च्या नव्या कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. मुलगा सांब्याला होता म्हणून इंदूरच्या माणसाला जम्मूला खेटे घालायची गरज नाही. कोणत्या पायरीवर जायचे हे आता मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, दिलेल्या मोबदल्यावर ठरते. दिवाणी दावा करायचा तर आधी सरकारला २ महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

न्यायाधिकरणाचे मध्य प्रदेशासाठीचे खंडपीठ जबलपूरला आहे. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यातल्या नातेवाइकांसाठी मुंबई. तिथे जाण्यापूर्वी खात्यातली अपिले करून घ्यावी लागतात आणि अंतिम आदेशापासून साधारण ६ महिन्यांत अर्ज करायचा असतो. पेन्शनचा हक्क दर महिन्याचा, म्हणून उशीर झाला तरी दार बंद होत नाही. पण थकबाकी सहसा मागच्या ३ वर्षांचीच मिळते. दहा वर्षे स्वस्थ बसलेल्याची सात वर्षे गेली. मेडिकल बोर्डाने "सेवेशी संबंध नाही" असे लिहिले, तरी तो शेवट समजू नका. २०१३ च्या धर्मवीर सिंग निकालात न्यायालयाने म्हटले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे मानायचे, आणि संबंध नाही हे सिद्ध करण्याचे ओझे खात्यावर. सप्टेंबर २०२३ मध्ये नियम बदलले आहेत, म्हणून निवृत्तीची तारीख वकिलाला पहिल्यांदा सांगा.

आता माझ्या सवयीचा विषय, कागद. आमच्या शाखेत पेन्शनसाठी येणारे एक निवृत्त हवालदार होते. पायाचे ऑपरेशन बिघडले होते, चालताना लंगडत. एकदा मी विचारले, त्या वेळचे कागद आहेत का? म्हणाले, "साहेब, बदल्यांमध्ये बायकोने रद्दीत दिले असतील." विषय तिथेच संपला. कॉर्पोरलच्या बाजूने सगळ्यात बळकट गोष्ट कोणती होती, तर बोर्डाचा कागद. डिस्चार्ज स्लिप, तपासण्यांचे रिपोर्ट, बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत, सगळे आधी घरी आणा आणि झेरॉक्स वेगळ्या ठिकाणी ठेवा. भरती रुग्णाची कागदपत्रे डॉक्टरांनी किमान ३ वर्षे जपायची आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. रुग्णालयाने टाळाटाळ केली तर माहिती अधिकारात अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर यायला हवे. कागद "सापडत नाहीत" असे उत्तर आले, तर तेही जपून ठेवा. पुढे तेच कामाला येते.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. उपचार अयशस्वी झाला म्हणजे हलगर्जीपणा झाला असे नाही. लष्करी डॉक्टर अवघड जागी, कमी साधनांत काम करतात, आणि त्यांच्यामुळे जगलेली माणसे आपल्या ओळखीची आहेत. म्हणून नोटीस काढण्याआधी त्या विषयातल्या बाहेरच्या डॉक्टरला सगळे कागद दाखवून लेखी मत घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाने त्या कॉर्पोरलला तज्ज्ञाच्या मताशिवाय न्याय दिला, पण प्रत्येक प्रकरणात तसे होईल असे धरू नये.

आणि पैशांअभावी कोणी थांबू नये. स्त्रियांना आणि अपंग व्यक्तींना, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातच भरता येतो. कोणाला तो लिहायला मदत हवी असेल, तर रविवारी सकाळी मी मंडळाच्या वाचनालयात असतो.