मॉरिशस: आधी गर्दीची भीती, आता म्हातारपणाची चिंता

हिंदी महासागरातल्या मॉरिशसचं क्षेत्रफळ जेमतेम २,०४० चौरस किलोमीटर आहे आणि लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. म्हणजे दर चौरस किलोमीटरला ६०० हून जास्त माणसं. आफ्रिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही देशात एवढी दाटी नाही.

साठ वर्षांपूर्वी इथे चिंता होती, एवढी माणसं मावणार कुठे? आज प्रश्न उलटा झालाय. कामाला माणसं आणायची कुठून आणि म्हाताऱ्यांची पेन्शन भरायची कुणी?

ही माणसं आली कुठून?

मॉरिशसला मूळ रहिवासी नाहीत. १६३८ मध्ये डच इथे वसले आणि १७१० मध्ये बेट सोडून गेले. मग आलेल्या फ्रेंचांनी आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले. १८१० मध्ये बेट ब्रिटिशांनी घेतलं. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांसाठी मजूर हवे झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत भारतातून साडेचार लाखांच्या आसपास मजूर करारावर इथे आले.

बहुतेक जण भोजपुरी भागातले, कलकत्त्याहून निघालेले. तमिळ आणि तेलुगू भाषक मद्रासहून आले, तर मुंबई बंदरातून कोकणातले मराठी लोक. आज तिथला मराठी समाज लहान आहे, पण शाळांमध्ये मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. भारतीय वंशाचे लोक एकूण लोकसंख्येच्या जवळपास दोन तृतीयांश आहेत. घरात मात्र बहुतेकांची भाषा क्रिओल.

गर्दीची भीती का वाटली?

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी फवारून मलेरिया आटोक्यात आणला गेला. काही वर्षांतच मृत्युदर निम्म्यावर आला, पण जन्मदर चढाच राहिला. १९४४ च्या जनगणनेत मॉरिशस बेटावर ४ लाख १९ हजार लोक होते. १९६२ मध्ये ते ६ लाख ८१ हजार झाले. रोजगार म्हणावा तर ऊस आणि साखर, एवढाच.

१९६१ मध्ये ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांच्या अहवालाने या बेटाचं भवितव्य फारसं आशादायक नसल्याचं सांगितलं. मीड यांना पुढे १९७७ मध्ये नोबेल मिळालं. त्यांचं हे भाकीत मात्र चुकलं.

मग काय बदललं?

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एका स्त्रीला सरासरी सहा मुलं होत. दहा-बारा वर्षांत हा आकडा तीन-साडेतीनवर आला, तोही सक्ती न करता. कुटुंब नियोजनाचं काम आधी स्वयंसेवी संस्थांनी केलं, मग सरकारने ते हाती घेतलं. कॅथलिक समाजासाठी नैसर्गिक पद्धती शिकवणारी वेगळी संस्था होती, त्यामुळे धर्माशी उघड भांडण टळलं. मुली शाळेत जाऊ लागल्या, लग्नं उशिरा होऊ लागली. १९७० मध्ये निर्यात क्षेत्राचा कायदा आला. पुढे कपड्यांच्या कारखान्यांत हजारो स्त्रियांना पगाराचं काम मिळालं आणि लहान कुटुंब ही घराघराची सोय झाली.

आजची अडचण काय?

लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी दर स्त्रीमागे साधारण २.१ मुलं लागतात. मॉरिशसचा आकडा आता दीडच्याही खाली आहे. अलीकडच्या काही वर्षांत तर जन्मांपेक्षा मृत्यू जास्त नोंदले गेले. दर पाच-सहा जणांत एक जण साठीच्या पुढचा आहे. त्यात शिकलेले तरुण फ्रान्स, कॅनडा, ऑस्ट्रेलियाची वाट धरतात. एकेकाळी बायकांनी भरलेले कारखाने आज बांगलादेश, भारत आणि मादागास्करमधून आलेल्या कामगारांवर चालतात.

खरी कसोटी पेन्शनची आहे. मॉरिशसमध्ये साठी पूर्ण झाली की श्रीमंत-गरीब न बघता प्रत्येकाला सरकारी पेन्शन मिळायची. २०२५ च्या अर्थसंकल्पात हे वय टप्प्याटप्प्याने ६५ वर नेण्याची घोषणा झाली आणि लोक रस्त्यावर उतरले. लोकांचा राग समजण्यासारखा आहे. आयुष्यभर ऊस तोडलेल्या किंवा शिलाई यंत्रावर राबलेल्या माणसासाठी ही पाच वर्षं फार मोठी असतात. पण तिजोरीत भर घालणारे हात कमी होत चाललेत, हेही तितकंच खरं.

मुलं कमी झाल्यामुळे मॉरिशसला गरिबीतून वर यायला उसंत मिळाली. त्या काळात कमावती झालेली पिढी आता निवृत्त होतेय, आणि तिच्यामागची पिढी संख्येने लहान आहे. जन्मदर झपाट्याने उतरलेल्या प्रत्येक देशाला हा हिशेब कधी ना कधी मांडावाच लागतो.