ऐकायचे राहून गेलेले

घर आवरताना जुन्या कॅसेटींचा एक खोका हाती लागला. एका कॅसेटवर माझ्याच अक्षरात लिहिले होते, ‘नाना – भजने, दिवाळी १९९४’. नाना म्हणजे माझे वडील. गळा गोड, पण चारचौघांत गायचे नाहीत. त्या दिवशी आग्रह करकरून त्यांना बसवले होते आणि समोर टेपरेकॉर्डर ठेवला होता. नाना आणि आई, दोघांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. म्हटले, ऐकू या.

नाना गात होते. मागे कुकरची शिट्टी, खाली अंगणात फटाक्यांची माळ. आणि दोन भजनांच्या मध्ये स्वयंपाकघरातून आईचा आवाज, “चहा ठेवू का रे?” उत्तर नाही. थोड्या वेळाने पुन्हा, “अरे, ठेवू का चहा?” तेव्हाही कुणी उत्तर दिले नाही. मी तर तिथेच बसलो होतो. आईचा आवाज आमच्याकडे दुसऱ्या कुठल्याच टेपवर नाही.

ही बोच मी मुलाला सांगितली. त्याला चित्रविचित्र संगीताचा नाद. त्याने मला पॉलिन ऑलिव्हेरोस या अमेरिकन संगीतकार बाईंची गोष्ट सांगितली. १९३२ साली ह्यूस्टनला जन्मलेल्या या बाईंना एकविसाव्या वाढदिवसाला त्यांच्या आईने टेपरेकॉर्डर भेट दिला. त्यांनी मायक्रोफोन खिडकीत ठेवला आणि टेप चालू केली. नंतर ती ऐकली तेव्हा ध्यानात आले, की खिडकीशी असताना आपल्या कानावर न आलेले कितीतरी आवाज टेपवर आहेत. मायक्रोफोनला आवडनिवड नसते. आपला कान मात्र मनाला हवे तेवढेच आत घेतो. तेव्हापासून सगळे, सतत ऐकायचे, असा त्यांनी नेमच केला.

पुढे त्या दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून एकच फीत दोन्हींतून फिरवू लागल्या. पहिल्यावर मुद्रित झालेला स्वर काही सेकंदांनी दुसऱ्यावर वाजे. १९६६ सालची त्यांची ‘आय ऑफ फोर’ ही रचना अशीच घडली. आपलाच गेलेला क्षण परत समोर येतो आणि त्याला तिथल्या तिथे जबाब द्यायचा. ही करामत पुढे संगणकावर आली, तरी मूळ कल्पना तीच राहिली.

सगळ्यात मौज १९८८ च्या ऑक्टोबरात झाली. वॉशिंग्टन राज्यात फोर्ट वॉर्डन येथे जमिनीखाली चौदा फूट एक प्रचंड रिकामी पाण्याची टाकी आहे. वीस लाख गॅलन पाणी मावेल एवढी. तिथे एक स्वर काढला, तर तो विरायला पंचेचाळीस सेकंद लागतात! बाई अ‍ॅकॉर्डियन घेऊन उतरल्या, सोबत स्टुअर्ट डेम्पस्टर ट्रॉम्बोन घेऊन आणि पनायोटिस हे गायक. आधी ठरवलेली चीज नाही, स्वरलिपी नाही. घाई केली की सगळ्याचा चिखल, कारण मघाचे स्वर अजून हवेतच. म्हणजे वाजवायचे थोडे, ऐकायचे फार. आणि टाकीच्या भिंतींनाही जणू चौथा वादक मानायचे. १९८९ साली हे ध्वनिमुद्रण ‘डीप लिसनिंग’ या नावाने निघाले. नावात श्लेष आहे: जमिनीखाली खोल, आणि ऐकणेही खोल. बाईंच्या ऐंशीव्या वर्षी, २०१२ साली, ट्रॉय शहरातल्या एका सभागृहात त्याच टाकीचा घुमारा यंत्रांनी उभा केला गेला. २०१६ मध्ये त्या गेल्या.

मुलाने ते ध्वनिमुद्रण मला ऐकवले. पहिली पाच मिनिटे मी घड्याळ पाहत होतो. मग आपल्या मैफलीआधीचे तानपुरे आठवले. ते जुळवताना आपण चुळबुळ करतो. गवई मात्र मान खाली घालून तारांच्या पोटातला स्वर शोधत असतो. गाणे तिथेच सुरू झालेले असते. हे आठवल्यावर घड्याळाकडे लक्ष गेले नाही.

यासाठी टाकीत उतरायला नको. खिशातला फोन खिडकीत ठेवा, पाच मिनिटे ध्वनिमुद्रण करा. तेवढ्या वेळात कानावर पडेल ते कागदावर टिपा. मग दोन्ही ताडून पाहा.

मागच्या रविवारी मी हे केले. कागदावर अकरा आवाज झाले. पारवे, भंगारवाला, शेजारची मिक्सरची घरघर. स्वतःवर खूश होऊन फोन ऐकायला घेतला. त्यात बारावा आवाज होता. आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालताना आमची ही गुणगुणत होती. तो मी लिहिलाच नव्हता.