वैनगंगेतला डोंगा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नदीवर पूल झाले, तरी वडसा-देसाईगंजपासून चामोर्शीपर्यंत काठच्या कित्येक गावांना शेतीला, मजुरीला पैलतीरी जायला डोंगाच जवळचा. म्हणून त्याविषयीचे गैरसमज जिवावर बेततात.

गैरसमज: आपल्याकडे पाऊस नाही, मग पुराची भीती नाही.
वस्तुस्थिती: वैनगंगा उगम पावते मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात. तिकडचा पाऊस भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणातून खाली येतो. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस धरणाचे सर्व 33 दरवाजे उघडावे लागले आणि ब्रह्मपुरी तालुक्यातल्या लाडजसारख्या गावांना पाण्याने वेढले. नाव सोडण्याआधी आभाळाबरोबर विसर्गाची सूचनाही पाहा.

गैरसमज: धोका फक्त पावसाळ्यात.
वस्तुस्थिती: 23 जानेवारी 2024 रोजी चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या सहा महिला नाव उलटून बुडाल्या. तेव्हा पावसाळा संपून कित्येक महिने झाले होते.

गैरसमज: वादळात बुडायचं ते समुद्रात, गोड्या पाण्यात मोठ्या नावेला काही होत नाही.
वस्तुस्थिती: अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या सुपीरियर सरोवरात 10 नोव्हेंबर 1975 रोजी ‘एडमंड फिट्झगेराल्ड’ हे 222 मीटर लांब, लोहखनिजाने भरलेले जहाज वादळात बुडाले. त्यावरच्या 29 जणांपैकी एकही वाचला नाही. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असते, म्हणून तेवढ्याच ओझ्याने जहाज त्यात थोडे जास्त खोल बसते. शिवाय सरोवरातल्या लाटा एकामागोमाग एक, जवळजवळ येतात. म्हणूनच वादळाचा अंदाज आला की तिथले कप्तान आडोशाला नांगर टाकून थांबतात.

गैरसमज: बसायला जागा आहे तोवर माणसं घ्यावीत.
वस्तुस्थिती: जागा मोजू नका, डोंग्याची कड पाण्याच्या किती वर आहे ते पाहा. ओझे वाढले की ती खाली जाते आणि छोटी लाटही आत शिरते. कुणी उभे राहिले किंवा सगळे एका बाजूला सरकले, की तोल जातो.

गैरसमज: पोहता येतं, मग जॅकेट कशाला?
वस्तुस्थिती: वाहत्या धारेत अंगावरचे ओले लुगडे पायांत अडकते, दम लवकर जातो. जॅकेट माणसाला मदत येईपर्यंत तरंगत ठेवते.

नावाड्याने ‘आज नको’ म्हटले, तर मजुराचा एक दिवसाचा रोज बुडतो. धोका पत्करला जातो तो त्या रोजापायी. घाटावर जॅकेटं, विसर्गाची वेळेवर सूचना आणि खाड्याच्या दिवशी गावातच काम, एवढे मिळाले तर थांबणे परवडेल.